तारा बदलल्याच्या तारखा

२ मार्च, सोमवार

ही वही मास्तरांनी दिली. म्हणाले, "बेसला आज नव्या तारा टाकल्यात. तारीख लिहून ठेव. आता सहा महिन्यांनी दुसऱ्या. मध्ये हात लावायचा नाही." मी तारीख लिहिली. पण एवढ्या जाड वहीत एकच तारीख लिहून वही मिटवायला कसंतरी वाटलं, म्हणून पुढे लिहितोय. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं सलग कधी लिहिलं नाही. वाचायला कोणी नाही ते एक बरं आहे.

मी आता या हॉटेलच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांचं गिटार. चालू असताना कोणाचं लक्ष नसतं, थांबलं की मात्र सगळ्यांना चुकल्यासारखं होतं. घर इथून दोन दिवसांच्या प्रवासावर आहे. बँडमध्ये आम्ही चौघं. कीबोर्डवर मास्तर, बँड त्यांचा. ड्रमवर पैलवान. तो इतका काटकुळा आहे की ड्रमच्या मागे बसला की नुसत्या काठ्या हलताना दिसतात, म्हणून पैलवान. गायला ताई, तिला मास्तरसुद्धा ताईच म्हणतात. आणि मी नव्या, कारण मी नवा.

मास्तरांनी मे अखेरपर्यंत बघायचं ठरवलंय. जमलं तर वर्षभराच्या कागदावर सही, नाहीतर परतीचं तिकीट. मी विचारलं, आधीच्याला का काढलं? म्हणाले, "त्याचा आवाज मेला होता. तारा काळ्या पडल्या तरी बदलायचा आळस. समोरच्याला बेस नाही, गोणी आपटल्यासारखं ऐकू यायचं."

दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. वडील म्हणतात, याच्या पायाला भिंगरी आहे. खरं आहे, आजवर नऊ कामं सोडली. पण ही नोकरी सोडायची नाही. यातून कोणी काढलं तर घरी काय तोंड दाखवू.

५ मार्च, गुरुवार

खोली धुलाईघराच्या मागे आहे. भिंतीपलीकडे कपडे वाळवायची मोठी यंत्रं दिवसभर घुमतात. मला तो आवाज आवडतो, बेसच्या सगळ्यात जाड तारेसारखा आहे. खोलीत मी आणि पैलवान.

आज मला कळलं की पैलवान वाजवताना कानात बोळे घालतो. रबराचे, पिवळे. मी हसून लोळायचा बाकी राहिलो. म्हटलं, "अरे, दुसऱ्याचे कान फाडतोस आणि स्वतःचे झाकतोस?" तो म्हणाला, "माझे कान माझ्या आईने दोनच दिलेत." मी त्याला सांगितलं, मी चार वर्षं स्पीकरच्या गाडीवर काम केलंय. माणसाच्या उंचीचे सोळा खोके. चालू असताना त्यांना पाठ लावून झोपायचो, छातीत हातोडा बसल्यासारखं व्हायचं तरी झोप लागायची. बेससुद्धा तिथेच शिकलो, वाद्यं चढवता-उतरवता. बोळे घालणारी जात वेगळी.

त्याने दुसरे बोळे काढून माझ्यापुढे ठेवले. मी ते खिडकीत ठेवले, खिडकी वाऱ्याने आपटते तिथे उपयोगाला आले.

१४ मार्च, शनिवार

तारांना काहीतरी झालंय.

पहिल्या दिवशी हात लावला की झणकार उठायचा, नवीन भांड्यावर चमचा मारल्यासारखा. आज नुसतं बुम. बुम बुम. धार गेली. बाराच दिवस झालेत. सराव सकाळी अकराला दालनात होतो, टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकलेल्या असतात. सराव संपल्यावर मी एकटाच थांबलो आणि एकेक तार छेडून कान लावून ऐकलं. बारीक तारेतसुद्धा जीव नाही.

माझ्या हाताला घाम फार येतो. घामात मीठ असतं, मीठ लोखंड खातं, एवढं मला कळतं. म्हणजे तारा मीच मारतोय. मास्तरांना अजून कळलेलं दिसत नाही.

१७ मार्च, मंगळवार

किती दिवसांनी तारा बदलायच्या ते चार जणांना विचारलं, पाच उत्तरं मिळाली.

पैलवान म्हणाला, तुटली की. मास्तरांचं सहा महिने ठरलेलं आहे. रस्त्याच्या टोकाला वाद्यांचं दुकान आहे, तिथला चष्मेवाला म्हणाला, रोज वाजवत असाल तर तीन महिने, आणि माझा तळहात दाबून बघितला, म्हणाला, असा घाम असेल तर महिना. मग जरा विचार करून म्हणाला, काही मोठे वादक दर कार्यक्रमाला बदलतात, आणि काही बदलतच नाहीत, मेलेल्या तारांचाच आवाज त्यांना आवडतो. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझं बरंय बाबा, तुला बदलता तरी येतात. मला गळा बदलून मिळत नाही."

कोणाचं खरं धरू? शेवटी ऐकणारा मीच.

रात्रीच्या कार्यक्रमासाठी गिटारवरचं धारेचं बटण निम्म्यावरून पाऊणवर नेलं. जरा बरं वाटलं.

२३ मार्च, सोमवार

बटण शेवटपर्यंत फिरवलंय, आता पुढे जागा नाही. ताई गाणं अर्धवट सोडून मागे वळली आणि म्हणाली, "नव्या, कानात सुई घालतोयस का?" मी बटण मागे घेतलं. बायकांचे कान नाजूक असतात.

शिवाय ती हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. तीनदा विचारावं लागतं. गाताना खणखणीत आणि बोलताना पुटपुट, अशी कशी.

२५ मार्च, बुधवार

तारा उकळल्या.

दुकानातल्या चष्मेवाल्याने सांगितलेली युक्ती. पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, मळ सुटतो, आवाज परत येतो. पैलवान अंडी उकडतो ते पातेलं घेतलं. तो मध्येच आला, झाकण काढून बघितलं आणि म्हणाला, "पाहुणे येणार आहेत का? सूप केलंयस म्हणून विचारलं." मग पातेलं घासून ठेवायला लावलं, दोनदा.

पुसून, वाळवून परत चढवल्या. पाणी काळं झालं होतं म्हणजे मळ निघाला असणार. पण आवाज काही आला नाही. बुम.

तीन आठवडे. मास्तरांना सहा महिने हवेत आणि माझ्याकडून तीन आठवडे निघत नाहीत. आधीच्याचं असंच झालं असेल का? त्यानेही असंच कोणाला सांगितलं नसेल.

२७ मार्च, शुक्रवार

आज एक काम केलं, ते लिहू की नको असं झालंय.

दालनाच्या मागच्या कपाटात मास्तरांनी तारांची तीन पाकिटं ठेवलीत, दीड वर्षाची बेगमी. किल्ली खिळ्याला असते. सगळे जेवायला गेल्यावर मी एक पाकीट काढलं, नव्या तारा चढवल्या. आणि उतरवलेल्या जुन्या तारा पुसून, वेटोळी करून, त्याच कागदी खिशांत घालून पाकीट होतं तसं चिकटवून ठेवलं. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. सप्टेंबरपर्यंत कोणी उघडणार नाही. तोवर मी माझ्या पैशाने नवी आणून ठेवीन.

चोरी नाही ही. तारा मास्तरांच्याच गिटारला लावल्या, घरी नेल्या नाहीत. पण मग सरळ विचारलं का नाही?  विचारलं असतं तर बाराव्या दिवशी तारा मारणारा माणूस म्हणून मे उजाडायच्या आत तिकीट.

नव्या तारा लावल्या तरी पहिल्या दिवसासारखा झणकार आला नाही. बरा आहे, पण तसा नाही. पाकीट जुनं असेल.

३ एप्रिल, शुक्रवार

पैलवानाला वेड लागलंय. म्हणतो, छताला लावलेल्या, धूर झाला की वाजणाऱ्या डबीची बॅटरी संपत आलीय, ती मिनिटाला एकदा टीं करते आणि त्याला दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. मी म्हटलं, कसली टीं? तो म्हणाला, ही बघ. मी बघितलं. लाल दिवा लुकलुकला. म्हटलं, दिवा आहे, आवाज कुठे? त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच त्याची थट्टा करतोय. शेवटी खुर्चीवर चढून त्याने डबीच काढली आणि उशीखाली दाबून ठेवली.

रोज ड्रम बडवून माणसाच्या डोक्यात असं काहीतरी वाजायला लागत असेल. बोळे घालूनसुद्धा. त्याची काळजी वाटते.

१२ एप्रिल, रविवार

घरी फोन लावला. आईने नेहमीचंच विचारलं, जेवतोस का, अंग धरलंस का. मग बहिणीने फोन घेतला. भाचा चालायला लागला. तिने त्याला वाजणारे बूट आणलेत, पाऊल टाकलं की चूं चूं करतात. म्हणाली, "दादा, ऐक हं, फोन खाली धरते." मी ऐकलं. खरखर होती, आई हसत होती, बाकी काही नाही. ती परत आली, "आलं ऐकू?" मी म्हटलं, "आलं की, मस्त वाजतात." उगाच हिरमुसली असती. लाइन खराब असणार, एवढ्या लांबून बारीक आवाज कसा येईल.

फोन ठेवल्यावर मात्र अर्धा तास तसाच बसून होतो. भीती कसली ते कळेना. तारांचीच असेल.

१८ एप्रिल, शनिवार

दुसरं पाकीट वापरलं. आधीच्या तारा बावीस दिवस टिकल्या. म्हणजे माझ्या दृष्टीने सहाच दिवस टिकल्या, बाकी मी कळ काढली. उतरवलेल्या पुसून पाकिटात.

यावेळी घाईत तार आधी कापली आणि मग खुंटीला गुंडाळली. चूक. आधी वाकवायची असते, मग कापायची, नाहीतर आतल्या तारेवरची वेटोळी सैल पडते आणि तार मरते. तिसऱ्या तारेचं तेच झालं असणार, लावल्यापासूनच मुकी. बाकीच्या तीन नीट लावल्या होत्या, पण त्याही मुक्याच. हे कसं?

घामावर उपाय म्हणून वाजवण्याआधी हात गार पाण्याने धुतो, गाणं झालं की तारा फडक्याने पुसतो. मास्तर म्हणाले, "फार जपतोस हो."  टोमणा होता की शाबासकी, कळलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

तिसरं पाकीट. दहा दिवस.

आता कपाटात तीन पाकिटं आहेत आणि तिन्हींत मेलेल्या तारा आहेत. किल्ली खिळ्याला अडकवताना दोनदा खाली पडली.

दुकानात गेलो. चष्मेवाल्याकडे या जातीच्या तारा नाहीत, मागवाव्या लागतील, दीड महिना. त्याला विचारलं, दहा दिवसांत तार मरू शकते का? तो म्हणाला, "हात आहेत की ॲसिडची बाटली?" मग माझं तोंड बघून गप्प झाला. म्हणाला, गिटार घेऊन या एकदा, मी ऐकतो. मी नाही म्हटलं. त्याने मास्तरांना सांगितलं तर?

 मास्तर माझ्याकडे बघतात तेव्हा वाटतं आज बोलतील. बोलत नाहीत. वाटतं, ऐकू आलंय पण मे अखेरपर्यंत दिवस भरू देतायत.

६ मे, बुधवार

सगळं उघडं पडलं.

सरावाला मास्तर म्हणाले, "शनिवारी हॉटेलच्या मालकीणबाई ऐकायला येणार आहेत. सहा महिने झाले नाहीत, पण होऊ दे खर्च. नव्या टाक तारा." आणि स्वतःच कपाटाकडे गेले. मला "मी काढतो" म्हणायचं होतं, तोवर त्यांनी किल्ली काढलीही.

पाकीट फोडलं. पहिल्याच खिशातून जाड तार काढली. तिच्या टोकाला खुंटीचा पीळ. त्यांनी तार उजेडात धरली, मग दुसरं पाकीट फोडलं, मग तिसरं. टेबलावर बारा तारा. पैलवान ड्रमवरून उठून आला. ताईने पाण्याची बाटली खाली ठेवली.

"हे तू?"

"हो."

"कधी?"

मी वही काढून दाखवली, फक्त तारखा, बाकीच्यावर हात ठेवून. सत्तावीस मार्च, अठरा एप्रिल, अठ्ठावीस एप्रिल.

"का?"

"मेल्या होत्या. माझ्या घामाने मरतात मास्तर. मी पैसे भरतो, पण—"

"यातल्या सगळ्यात जुन्या कुठल्या?"

"या. दोन मार्चच्या. उकळलेल्या."

"लाव."

मी लावल्या. चारही. खुंट्या फिरवायला मला पाऊण तास लागला असेल असं वाटलं, दहा मिनिटं लागली. मास्तरांनी गिटार स्वतःच्या गळ्यात घातलं आणि छेडलं. मला जे ऐकू यायचं तेच आलं, बुम.

ते म्हणाले, "ही मेलेली?"

"धार नाही मास्तर."

"पैलवान, धार आहे?"

"दाढी होईल," पैलवान म्हणाला. पण हसला नाही.

"ताई?"

ताई म्हणाली, "छान वाजतंय की रे. नव्यासारखं नाही, पण छान."

मला वाटलं हे तिघं मिळून माझी फिरकी घेतायत. मग मास्तर म्हणाले, "समोर बघ, वळू नकोस," आणि माझ्या मागे गेले. का गेले कळलं नाही. मी समोर बघत राहिलो. ताई माझ्या खांद्यामागे बघत होती, मग खाली बघायला लागली. थोड्या वेळाने मास्तर पुढे आले. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, सगळ्या हॉटेलचा असतो तेवढा. मी समजलो. कपाटाची किल्ली आता मला मिळणार नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "उद्या-परवा कान तपासून ये. चिठ्ठी देतो. कागद आण, मग बोलू."

७ मे, गुरुवार

कानाचा काय संबंध? हात तपासायला पाठवायला हवं होतं.

पैलवान म्हणतो, जा गपचूप. मला माहीत आहे हे काय आहे. उगाच काढलं तर मालकीणबाई प्रश्न विचारतील. कागद असला की काढायला सोपं. चोर म्हणून नाही तर आजारी म्हणून घरी पाठवतील, त्यातल्या त्यात अब्रू राखायला. मास्तर मनाने चांगले आहेत.

आज खिडकीतले पिवळे बोळे पैलवानाने परत नेले, धुतले, आणि माझ्या उशीवर ठेवले.  

८ मे, शुक्रवार

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. एक लहान पेटीसारखी खोली, भिंतींना करडा स्पंज, काचेची खिडकी. तपासणाऱ्या बाई वयाने आईएवढ्या. त्यांनी कानावर हेडफोन घातले, हातात एक बटण दिलं. म्हणाल्या, "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी. अंदाजाने दाबायचं नाही." आणि दार लावून घेतलं.

सुरुवात चांगली झाली. जाड, घुमणारे आवाज आले, माझ्या ओळखीचे. मी पटापट दाबले. ते इतके बारीक होत गेले तरी दाबले. मनात म्हटलं, सातवीत नापास झालो पण या परीक्षेत पैकीच्या पैकी.

मग मशीन बंद पडलं.

मी थांबलो. वाटलं, दुरुस्त करत असतील. काचेतून बाई दिसत होत्या. त्या एक चकती फिरवायच्या, थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि लिहायच्या. परत फिरवायच्या, थांबायच्या, लिहायच्या. दुसऱ्या कोणाचे कागद उरकत असतील म्हणून मी बटणावर अंगठा ठेवून बसून राहिलो. खोलीत इतकी शांतता होती की मला माझं नाकातलं ऐकू येत होतं. कितीतरी वेळाने एकदम लांबून काहीतरी आलं, दाराच्या फटीतून वारा यावा तसं. मी दाबलं. मग उजव्या कानालाही तेच सगळं.

बाहेर आल्यावर म्हटलं, "मध्ये मशीन बंद होतं वाटतं."

बाई म्हणाल्या, "नाही."

"मग तुम्ही एवढा वेळ काय लिहीत होता?"

"तेच," त्या म्हणाल्या. "जिथे तुम्ही दाबलं नाही."

मला बसायला सांगितलं. कागदावर रेघ होती. डावीकडे सरळ, शहाण्यासारखी. मग खाली खाली, आणि एका जागी खड्डा. त्यांनी पेनाने दाखवलं, "इथे बारीक, टोकदार आवाज असतात. पक्षी, घंटी, बोलण्यातले स, श." म्हणजे तारेची धारही इथेच. मोठ्या आवाजात काम केलंय का विचारलं. मी सोळा खोक्यांचं सांगितलं. पहिल्यांदाच ते सांगताना छाती फुगली नाही. त्या म्हणाल्या, हे आजचं नाही, जुनं आहे, हळूहळू आलंय, तुमच्या लक्षात आता येतंय.

"गेलेलं परत येतं?"

"नाही. उरलेलं सांभाळता येतं."

"आणि नाही सांभाळलं तर?"

त्यांनी पेन त्या खड्ड्यावरून डावीकडे सरकवलं, सरळ रेघेच्या दिशेने. जाड आवाजांच्या दिशेने. एवढंच केलं.

खोलीवर येऊन या वहीची मागची पानं वाचायला घेतली. एप्रिलमधल्या भाच्याच्या बुटांपर्यंत आलो आणि वही मिटली.

९ मे, शनिवार

कागद दाखवला नाही. मास्तरांना म्हटलं, सोमवारी मिळेल.

पळून जायचा विचार आला. दुसऱ्या गावात दुसरं हॉटेल असेल, तिथे कोण कान तपासतंय. दोन-तीन महिने निघतील, मग तिसरं. आजवर हेच केलंय, पायाला भिंगरी आहेच. पण यावेळी ज्याच्यापासून पळायचं ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेलं आहे.

संध्याकाळी मालकीणबाई आल्या होत्या. मार्चच्याच तारांवर वाजवलं. मी पहिल्यांदा बोळे घातले. सगळं पाण्याखालून आल्यासारखं, पायाखालची लाकडं मात्र थरथरत होती. मी पायांनी ऐकलं म्हणायला हरकत नाही. चुकलो का? माहीत नाही. बाई जाताना मास्तरांशी बरंच बोलल्या. मला स ऐकू येत नाहीत आणि ओठांवरून वाचताही येत नाहीत, त्यामुळे काय बोलल्या ते समजलं नाही.

११ मे, सोमवार

सरावाआधी कागद मास्तरांपुढे ठेवला. वाटेत दोनदा परत फिरलो होतो, तिसऱ्यांदा पैलवान मागेच उभा होता.

मास्तरांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "डावीकडचं सगळं शाबूत आहे. बेस डावीकडेच असतो."

त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"चोरी केलीस म्हणून मला राग आहे. पाकिटं परत चिकटवलीस म्हणून जास्त आहे. विचारायला तोंड नव्हतं?"

"आधीच्यासारखं होईल असं वाटलं."

"आधीच्याला मी तारांसाठी नाही काढलं," ते म्हणाले. "म्हणजे, तारांसाठीच काढलं. बदल म्हटलं की म्हणायचा, चांगल्या तर आहेत."  कागद घडी करत बसले, उलगडला, परत घडी केली. त्यांनाही काहीतरी आठवलं असावं. शेवटी म्हणाले, "त्याला तपासायला पाठवायचं मला सुचलं नाही."

सही करतो म्हणाले. वर्षाची नाही, तीन महिन्यांची. दर तीन महिन्यांनी दवाखान्याचा कागद, आणि रेघेतला खड्डा डावीकडे सरकला तर सही नाही, कितीही हातापाया पडलास तरी. ड्रमच्या झांजा माझ्या डाव्या कानाशी होत्या, तर मी आता मास्तरांच्या पलीकडे उभा राहणार. बोळे सरावालाही घालायचे. आणि तारा कधी बदलायच्या ते मी ठरवायचं नाही, ताईने ठरवायचं. ती दर सोमवारी ऐकेल.

ताई म्हणाली, "म्हणजे आता हेही माझ्याच गळ्यात."

"गळ्यात नाही, कानात," पैलवान म्हणाला. ताईने त्याला बाटली फेकून मारली.

१८ मे, सोमवार

आज ताईने पहिल्यांदा ऐकलं. मी दालनाच्या मध्ये स्टुलावर बसलो, ती चार टेबलं सोडून उभी राहिली आणि डोळे मिटले. मी एकेक तार छेडली. मला तेच बुम. तिच्याकडे बघत होतो, एखाद्या डॉक्टरकडे बघतात तसं.

तिने डोळे उघडले आणि माझ्याजवळ येऊन, तोंड माझ्याकडे करून, सावकाश बोलली. हल्ली सगळेच असं बोलतात. त्याचाच जास्त त्रास होतो.

"चांगल्या आहेत. राहू देत."

"नक्की?"

"नक्की रे."

"माझ्याकडे बघून वाईट वाटतंय म्हणून नाही ना म्हणत आहेस?"

तिने शेजारच्या टेबलावरची बाटली उचलली. मग म्हणाली, "मेल्या की सांगेन. तेव्हाही तू असंच तोंड करून बसू नकोस म्हणजे झालं."

ती खरं बोलली असेल. ताई तशी तोंडावर बोलणारी आहे. पण खोटं बोलली असली तरी मला कळायला मार्ग नाही, आज नाही आणि पुढच्या सोमवारीही नाही. मास्तरांनी चार बोटं वर केली, एकेक मिटत आणली. मी बोळे घातले आणि शेवटच्या बोटाला सुरू केलं.